बोलिव्हियाचा भूगोल आणि पर्यावरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलिव्हिया म्हटले की मिठाचे आरशासारखे मैदान आणि ढगांना टेकलेले ला पाझ शहर एवढेच चित्र बहुतेकांच्या मनात उभे राहते. हे चित्र खोटे नाही, पण फार अपुरे आहे. या देशाचा भूगोल समजून घ्यायचा असेल, तर प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट विचारावी: येथे पडलेले पाणी पुढे कोठे जाते? खालील बहुतेक उत्तरे शेवटी त्याच प्रश्नापाशी येतात.

बोलिव्हिया नेमका कोठे आहे आणि केवढा आहे?

दक्षिण अमेरिकेच्या साधारण मध्यभागी असलेला हा भूवेष्टित देश आहे. उत्तरेला आणि पूर्वेला ब्राझील, आग्नेयेला पराग्वे, दक्षिणेला अर्जेंटिना, नैऋत्येला चिली आणि वायव्येला पेरू अशा पाच देशांनी तो वेढलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ १०,९८,५८१ चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सुमारे एक तृतीयांश आणि महाराष्ट्राच्या साडेतीन पटींहून थोडे अधिक आहे. एवढ्या विस्तारात २०२४ च्या जनगणनेनुसार अवघी १ कोटी १३ लाखांच्या आसपास माणसे राहतात. २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा हा जेमतेम दहावा हिस्सा होतो. त्यांतील बरेचसे लोक ला पाझ, कोचाबांबा आणि सांता क्रूझ या तीन शहरांच्या पट्ट्यात एकवटलेले असल्यामुळे उरलेला देश नकाशावर दिसतो त्याहूनही मोकळा वाटतो. राज्यघटनेनुसार राजधानी सुक्रे आहे. सरकार आणि संसद मात्र ला पाझमध्ये बसते.

हा डोंगराळ देश आहे ना?

अर्धवट. पश्चिमेकडे अँडीज पर्वत आहे आणि बोलिव्हियात तो दोन रांगांत विभागलेला आहे. चिलीच्या सीमेलगतची पश्चिम रांग ज्वालामुखींची आहे. देशातील सर्वोच्च शिखर साहामा (६,५४२ मीटर) त्याच रांगेतील एक शांत झालेला ज्वालामुखी आहे. पूर्वेकडील रांग जुन्या, वळ्या पडलेल्या खडकांची असून ला पाझवर पहारा देणारे इयिमानी हे ६,४३८ मीटर उंचीचे शिखर तिच्यात येते. या दोन रांगांच्या मध्ये साधारण ३,६०० ते ३,९०० मीटर उंचीवर पसरलेले अल्तिप्लानो हे पठार आहे. तिबेटनंतर जगातील एवढे विस्तीर्ण आणि एवढे उंच पठार दुसरे नाही.

परंतु पूर्वेची रांग उतरून खाली आले की डोंगर संपतात, आणि तेथूनच देशाचा खरा मोठा भाग सुरू होतो. बोलिव्हियाच्या निम्म्याहून बरीच अधिक भूमी सखल आहे. उत्तरेला अ‍ॅमेझॉनचे पर्जन्यवन, मध्ये बेनी प्रांतातील पुराची गवताळ मैदाने, पूर्वेला चिकितानो नावाचे शुष्क अरण्य आणि दक्षिणेला चाकोचे काटेरी रान, असा हा पट्टा आहे. झपाट्याने वाढलेले सांता क्रूझ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१५ मीटरवर आहे; म्हणजे पुण्याहूनही खाली. लामा नावाचे लोकरीचे जनावर, लोकरीची टोपी आणि बर्फाच्छादित शिखरे यांवरून ज्यांनी बोलिव्हियाची कल्पना केली असेल, त्यांना सांता क्रूझचा दमट उकाडा, आंबा आणि सोयाबीनची शेते पाहून आपण दुसऱ्याच देशात आलो असे वाटेल.

येथील नद्या कोणत्या समुद्राला मिळतात?

तीन दिशा आहेत आणि त्यांतील एक दिशा समुद्राकडे जातच नाही.

सर्वाधिक पाणी अ‍ॅमेझॉनकडे जाते. बेनी, मामोरे, माद्रे दे दिओस आणि इतेनेस या नद्या ब्राझीलच्या सीमेवर एकत्र येऊन मादेइरा नदी बनते, आणि मादेइरा ही अ‍ॅमेझॉनच्या सर्वांत मोठ्या उपनद्यांपैकी एक आहे. आग्नेयेचे पाणी पिल्कोमायो, बेर्मेहो आणि पराग्वे या नद्यांतून ला प्लाता खोऱ्यात उतरते. तिसरे खोरे अल्तिप्लानोचे. दोन्ही रांगांमध्ये कोंडलेले हे पाणी टिटिकाका सरोवरातून देसाग्वादेरो नदीने दक्षिणेकडे पोपो सरोवराकडे जाते, अतिवृष्टीच्या वर्षी क्वचित त्याहून पुढे क्षारपटांकडे सरकते, आणि तेथेच उन्हाने आटून जाते. अल्तिप्लानोवर पडलेल्या थेंबाला समुद्र ठाऊक नसतो. म्हणूनच येथे पाण्यात मिसळलेली प्रत्येक गोष्ट, मग ते मीठ असो वा खाणीतील जड धातू, खोऱ्यातच साठत राहते.

समुद्रकिनारा नाही, तर बोलिव्हियाला नौदल कशासाठी?

किनारा होता. १८७९ साली चिलीबरोबर सुरू झालेल्या युद्धात बोलिव्हियाने अताकामा वाळवंटाची आपली संपूर्ण किनारपट्टी गमावली आणि १९०४ च्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. समुद्राच्या वाटेसाठी चिलीने वाटाघाटी कराव्यात ही मागणी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. नौदल मात्र कायम आहे. ते टिटिकाका सरोवरावर आणि अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील नद्यांवर गस्त घालते. दर वर्षी २३ मार्चला समुद्रदिनही पाळला जातो.

पाऊस कधी आणि कोठून येतो?

दक्षिण गोलार्ध असल्यामुळे साधारण नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळा आणि मे ते ऑगस्ट हा कोरडा, थंड काळ असतो. महाराष्ट्रात शेकोट्या पेटतात तेव्हा बोलिव्हियात नद्या दुथडी भरून वाहत असतात.

पावसाची दिशा मराठी वाचकाला सह्याद्रीच्या आधाराने चटकन समजेल, फक्त आरसा धरावा लागेल. आपल्याकडे बाष्प पश्चिमेकडून समुद्रावरून येते, घाटमाथ्यावर कोसळते आणि पूर्वेकडे माणदेश कोरडा राहतो. बोलिव्हियात बाष्प पूर्वेकडून येते. अटलांटिकवर निघालेली हवा अ‍ॅमेझॉनच्या जंगलावरून येताना वाटेत पुन्हापुन्हा पाऊस पाडते आणि झाडांच्या बाष्पोत्सर्जनातून पुन्हापुन्हा ओली होते. अँडीजची भिंत लागली की ती वर चढून पूर्व उतारावर रिती होते. त्यामुळे कोचाबांबा शहरातून डोंगर ओलांडून चापारे भागात उतरले की काही ठिकाणी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक, म्हणजे महाबळेश्वरच्या तोडीचा पाऊस भेटतो, तर पर्वतापलीकडे नैऋत्य अल्तिप्लानोवर २०० मिलिमीटरही पडत नाही.

एक तपशील सहसा सुटतो. पठारावर येणारे हे थोडेसे बाष्पही पूर्वेकडील जंगलावरूनच आलेले असते. सखल भागातील अरण्य आणि डोंगरावरील पाणी हे दोन वेगळे विषय नाहीत.

थंडीतील आणखी एक पाहुणा म्हणजे सुरासो. दक्षिण ध्रुवाकडून निघालेला हा गार वारा अर्जेंटिनाच्या मैदानांवरून विनाअडथळा वर येतो आणि सांता क्रूझच्या घामाघूम दुपारीत काही तासांतच स्वेटर घालण्याची पाळी आणतो.

उष्ण कटिबंधात असूनही अल्तिप्लानो एवढे थंड का?

उंचीमुळे. पोपो सरोवर विषुववृत्तापासून दक्षिणेला जवळजवळ तेवढेच दूर आहे, जेवढे मुंबई-पुणे उत्तरेला आहेत. पण ३,७०० मीटरवर हवा विरळ असते. ती दिवसा प्रखर सूर्यकिरण अडवत नाही आणि रात्री जमिनीची ऊब धरून ठेवत नाही. त्यामुळे जूनमध्ये दुपारी ऊन चटके देते आणि पहाटे पाणी गोठते.

आयमारा आणि केचुआ या मूळनिवासी समाजांतील शेतकऱ्यांनी याच विषम हवामानातून अन्न टिकवण्याची युक्ती काढली. जूनच्या कडाक्याच्या रात्री लहान बटाटे उघड्यावर पसरून ते गोठू देतात, दिवसा उन्हात ते सैल पडले की पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढतात, आणि असे काही दिवस केल्यावर हलका, दगडासारखा कडक चुन्यो तयार होतो. तो वर्षानुवर्षे टिकतो. आपले वाळवण चैत्र-वैशाखाच्या उन्हावर अवलंबून असते. त्यांचे वाळवण हिवाळ्यातील दहिवरावर.

ला पाझच्या उंचीवर माणसे राहतात तरी कशी?

ला पाझ साधारण ३,६४० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंच. त्याच्या वरच्या कडेला पठारावर वसलेले एल आल्तो हे जुळे शहर तर ४,१०० मीटरच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश राहतो. पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते, त्यामुळे डाळ साध्या पातेल्यात शिजत ठेवणाऱ्याचा संयम संपतो.

पिढ्यानपिढ्या तेथे राहणाऱ्या आयमारा लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक असते. तिबेटी लोकांचे शरीर याच अडचणीवर वेगळ्या वाटेने गेले. त्यांचे हिमोग्लोबिन तेवढे वाढत नाही. नव्याने गेलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश होतो. या त्रासाला तेथे ‘सोरोचे’ म्हणतात. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २००७ मध्ये उंचीवरील आंतरराष्ट्रीय सामन्यांवर बंदी घालून पाहिली, पण बोलिव्हियाच्या तीव्र विरोधानंतर ती मागे पडली. पुढे २००९ मध्ये बोलिव्हियाने ला पाझमध्ये अर्जेंटिनाला ६-१ असे हरवले, तेव्हा हा वाद पुन्हा रंगला.

टिटिकाका सरोवराचे महत्त्व काय?

सुमारे ३,८१० मीटर उंचीवर, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात विभागलेले हे सरोवर ८,३०० चौरस किलोमीटरहून अधिक पसरले आहे आणि काही ठिकाणी २८० मीटर खोल आहे. एवढा मोठा जलसाठा दिवसाची उष्णता राखून ठेवतो आणि काठची हवा सौम्य करतो. म्हणूनच काठावर मका येतो, जो त्याच उंचीवर सरोवरापासून दूर सहसा येत नाही. सरोवरातून बाहेर पडणारी नदी एकच, देसाग्वादेरो. परंतु पाण्याचा सुमारे नव्वद टक्के भाग नदीने नव्हे, तर बाष्पीभवनाने जातो. थोडेसे तापमान वाढले किंवा एक पावसाळा हुकला, तर पातळी का घसरते हे यावरून कळेल. २०२३ मध्ये ती नोंदलेल्या नीचांकाच्या जवळ गेली आणि काठच्या होड्या चिखलात रुतून बसल्या.

दुसरा प्रश्न सांडपाण्याचा आहे. एल आल्तो शहर गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढले आणि त्याचे बरेचसे मैले पाणी कातारी नदीतून सरोवराच्या कोहाना उपसागरात येते. तेथील उथळ पाण्यावर शेवाळाचा हिरवा थर धरतो. केवळ याच सरोवराच्या परिसरात आढळणारा टिटिकाका बेडूक प्रामुख्याने त्वचेतून श्वास घेतो. त्याच्या अंगावरील सैल घड्या त्यासाठीच असतात. पाण्यातील प्राणवायू घटला की पहिला फटका त्याला बसतो.

पोपो सरोवर खरोखरच नाहीसे झाले का?

डिसेंबर २०१५ मध्ये ते कोरडे पडल्याचे जाहीर झाले. एके काळी हे बोलिव्हियातील दुसऱ्या क्रमांकाचे सरोवर होते आणि चांगल्या वर्षी त्याचे पाणी २,००० चौरस किलोमीटरहून अधिक पसरत असे. पण ते परातीसारखे उथळ होते; बहुतेक ठिकाणी खोली तीन मीटरच्या आतच. अशा सरोवराचे आयुष्य येणारे पाणी आणि उडून जाणारे पाणी यांच्या रोजच्या हिशेबावर चालते.

तो हिशेब अनेक बाजूंनी बिघडला. पठारावरील तापमान वाढले, तसे बाष्पीभवन वाढले. २०१५ च्या एल निन्योने, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापण्याच्या घटनेने, पाऊस रोखला. देसाग्वादेरो नदीचे पाणी वरच्या बाजूला शेतीसाठी आणि खाणींसाठी वळवले गेले, आणि जे खाली आले त्याने ओरुरोच्या आसपासच्या जस्त, कथिल व चांदीच्या खाणींतील गाळ आणून तळ आणखी उथळ केला. यांपैकी एकट्या कशावर बोट ठेवून मोकळे होणे सोयीचे असले तरी योग्य नाही. १९९० च्या दशकातही सरोवर आटले होते, पण तेव्हा ते पुन्हा भरले; या वेळी परत उभे राहण्याची ताकदच क्षीण झाली होती. आता चांगल्या पावसानंतर तळात पातळ पाणी दिसते आणि काही काळाने उडून जाते.

सरोवराच्या काठी उरू-मुरातो लोक राहतात. ते स्वतःला पाण्याची माणसे म्हणवतात. मासेमारी आणि पाणपक्ष्यांची शिकार हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता आणि जमीन त्यांच्याकडे फारशी कधी नव्हतीच. पाणी गेल्यावर त्यांतील अनेकांनी मिठाच्या कामावर, खाणींत किंवा शहरात मजुरी धरली. धरणग्रस्ताला निदान आपले गाव कोणी आणि कशासाठी बुडवले हे दाखवता येते. ज्याचे सरोवर हवेत विरून गेले, त्याने नुकसानभरपाईचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावा?

उयुनीचे मिठाचे मैदान कसे तयार झाले?

आज जेथे मीठ आहे तेथे हिमयुगाच्या अखेरच्या काळात मोठमोठी सरोवरे होती. हवामान ओले झाले की ती भरत आणि कोरडे झाले की आटत. त्यांतील शेवटचे मोठे सरोवर साधारण पंधरा हजार वर्षांपूर्वीचे. बाहेर जायला वाट नसल्याने पाणी उडाले आणि क्षार खाली राहिले. त्यातून १०,००० चौरस किलोमीटरहून मोठा, ३,६५६ मीटर उंचीवरील हा क्षारपट उरला. याला मिठागर म्हणण्याचा मोह टाळावा. मिठागर माणूस बांधतो, हा निसर्गाने बांधला आहे. कोल्चानी गावातील लोक मात्र येथून हाताने मीठ काढतात आणि वाळवून विकतात.

संपूर्ण पटात उंचीचा फरक एक मीटरही नाही. त्यामुळे उपग्रहांवरील उंची मोजणारी उपकरणे तपासण्यासाठी शास्त्रज्ञांनी या मैदानाचा उपयोग केला. जानेवारी ते मार्च या काळात वर काही सेंटिमीटर पाणी साचते आणि प्रसिद्ध आरसा तयार होतो. कोरड्या महिन्यांत पृष्ठभागावर षटकोनी भेगांची जाळी उमटते. मध्येच इन्काहुआसी नावाचा खडकाळ उंचवटा आहे. तो जुन्या सरोवरातील बेट होता आणि आजही त्यावर माणसाच्या कितीतरी पट उंच निवडुंग उभे आहेत.

लिथियममुळे या मैदानाला धोका आहे का?

मिठाच्या कवचाखाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यात लिथियम आहे. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार बोलिव्हियातील लिथियमचा साठा २.३ कोटी टनांच्या आसपास, म्हणजे जगातील सर्वांत मोठ्यांपैकी आहे. पण जमिनीत असणे आणि परवडेल अशा रीतीने काढता येणे यांत अंतर आहे, आणि वर्तमानपत्रांतील मथळ्यांत ते बहुधा पुसले जाते. उयुनीच्या पाण्यात मॅग्नेशियम अधिक आहे आणि पावसाळ्यात खारे पाणी उन्हात आटवण्याच्या तळ्यांत पुन्हा पाणी भरते, त्यामुळे शेजारच्या चिलीतील अताकामात जमलेली पद्धत येथे तशीच जमली नाही. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने नंतर चिनी आणि रशियन कंपन्यांशी थेट निष्कर्षणाचे, म्हणजे न आटवता खाऱ्या पाण्यातून लिथियम वेगळे काढण्याचे, करार केले, पण त्यांवरून संसदेत आणि पोतोसी प्रांतात वाद पेटला.

खरी काळजी मैदानाच्या दिसण्याची नसून गोड्या पाण्याची आहे. प्रक्रियेसाठी लागणारे गोडे पाणी ज्या भूजलातून येईल, त्यावरच दक्षिणेकडील किन्वा या धान्याची शेती, लामांचे कळप आणि ओलसर कुरणे जगतात. त्या भागात पाऊस इतका कमी आहे की उपसलेले पाणी पुन्हा भरायला फार काळ लागतो.

हिमनद्यांची स्थिती काय आहे?

चाकाल्ताया हे नाव लक्षात ठेवावे. ला पाझजवळ ५,३०० मीटरच्या आसपास असलेल्या या हिमनदीवर एके काळी जगातील सर्वांत उंच स्कीइंगची घसरण होती. २००९ मध्ये ती हिमनदी पूर्णपणे संपली. बर्फ नसलेल्या उतारावर आता जुनी इमारत तेवढी उभी आहे. त्याच डोंगरावरील वैश्विक किरणांची प्रयोगशाळा मात्र चालू आहे. १९४७ मध्ये पायॉन या कणाच्या शोधाला बळकटी देणाऱ्या छायाचित्रण-पट्ट्या तेथेच ठेवल्या होत्या.

लहान हिमनद्या आधी जातात, मोठ्या मागून. ला पाझ आणि एल आल्तोला मिळणाऱ्या पाण्यात हिमनद्यांचा वाटा वर्षभर पाहिला तर मर्यादित आहे, पण कोरड्या महिन्यांत आणि दुष्काळात तोच हात देतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये ला पाझच्या काही धरणांनी तळ गाठला, सरकारने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि शहराच्या अनेक वस्त्यांत टँकरपुढे बादल्यांच्या रांगा लागल्या. मराठवाड्यातील वाचकाला या दृश्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

युंगास म्हणजे काय?

अँडीजच्या पूर्व उतारावरील ढगांत बुडालेल्या अरण्याचा पट्टा. ला पाझहून निघून ४,६०० मीटरहून उंच खिंड ओलांडली की रस्ता काही तासांत कोरोइको गावाच्या पायथ्याशी १,२०० मीटरपर्यंत उतरतो, आणि वाटेत खुरटे गवत, शेवाळलेली झाडे, नेचे, ऑर्किड आणि शेवटी कॉफी, संत्री व कोकाचे मळे लागतात. जुना अरुंद रस्ता मृत्यूचा रस्ता म्हणून कुप्रसिद्ध होता. नवा रस्ता झाल्यापासून त्यावर मुख्यतः सायकलस्वार पर्यटक दिसतात. कोका हे येथील जुने पीक असून पाने चघळण्यासाठी त्याची लागवड ठरावीक क्षेत्रात कायदेशीर आहे.

बेनीच्या मैदानात दर वर्षी पूर का येतो?

उतारच नसल्यामुळे. यानोस दे मोहोस या गवताळ प्रदेशातील जमीन इतकी सपाट आहे, आणि खाली चिकणमातीचा असा अभेद्य थर आहे, की पावसाचे आणि अँडीजवरून आलेले पाणी महिनोन् महिने पसरून राहते. गुरे उंचवट्यांवर जातात, वाहतूक होडीने होते. २०१४ चा पूर मात्र या नेहमीच्या चक्रापलीकडचा होता आणि त्यात गुरांची मोठी हानी झाली.

हे उंचवटे सगळेच नैसर्गिक नाहीत. येथील प्राचीन रहिवाशांनी मातीचे टेकाड, उंच वाफे, कालवे आणि बांध रचून पाण्याबरोबर राहण्याची व्यवस्था उभारली होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेसर-सर्वेक्षणाने झाडीखाली दडलेल्या, साधारण इ.स. ५०० ते १४०० या काळातील कासाराबे संस्कृतीच्या वसाहती आणि त्यांचे सरळ रेषेतील बांधीव मार्ग उघड केले. अ‍ॅमेझॉन म्हणजे मानवस्पर्शरहित अरण्य, ही समजूत तेथे टिकत नाही. २०१३ मध्ये बोलिव्हियाने याच प्रदेशातील तीन पाणथळ क्षेत्रे, एकूण सुमारे ६९ लाख हेक्टर, रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत घातली. निळ्या गळ्याचा मकाव पोपट जगात फक्त या मैदानांत जंगली अवस्थेत उरला आहे.

दर वर्षी जंगलांना एवढ्या आगी का लागतात?

लागत नाहीत, बहुतेक वेळा लावल्या जातात. कोरड्या ऋतूच्या अखेरीस, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, झाडे तोडून जागा जाळण्याच्या पद्धतीला तेथे चाकेओ म्हणतात. कोकणातील राब भाजणे किंवा पूर्वीची कुमरी शेती ज्यांना माहीत आहे, त्यांना ही कल्पना नवी नाही. छोट्या तुकड्यावर, ओल असताना आणि पुरेशा अंतराने केलेल्या जाळणीनंतर रान सावरते. आज जे घडते ते निराळ्या मापाचे आहे. सोयाबीन आणि गोमांसासाठी हजारो हेक्टर एका दमात साफ केले जातात, आणि वारा सुटला की आग हद्द ओळखत नाही.

कायद्याने ही वाट सोपी केली. २०१५ च्या एका कायद्याने लहान मालमत्तांवर २० हेक्टरपर्यंत वनतोडीला मुभा दिली, आणि जुलै २०१९ मधील आदेशाने बेनी व सांता क्रूझ प्रांतांत नियंत्रित जाळणीला परवानगी मिळाली. त्याच वर्षी ५० लाख हेक्टरांहून अधिक भूभाग जळाला. २०२४ चे वर्ष त्याहूनही भीषण ठरले. त्या वर्षी १ कोटी हेक्टरांच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास एक तृतीयांश एवढे क्षेत्र आगीच्या तोंडी गेले, आणि प्राथमिक उष्णकटिबंधीय जंगलाच्या हानीत बोलिव्हिया जगात ब्राझीलच्या खालोखाल पोहोचला. धुराने सांता क्रूझमधील शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

सर्वाधिक झळ चिकितानो अरण्याला बसते. हे पर्जन्यवन नव्हे. वर्षातील काही महिने पानगळ होणारे शुष्क अरण्य आहे, आपल्या विदर्भातील सागवनाच्या स्वभावाशी जुळणारे. अ‍ॅमेझॉनच्या नावापुढे जगाला ते दिसत नाही, आणि माझ्या मते याच कारणाने ते आधी संपेल.

सोन्याच्या खाणींचा आणि पाऱ्याचा संबंध काय?

ला पाझ प्रांताच्या उत्तरेकडील तिपुआनी, मापिरी, काका अशा नद्यांच्या वाळूत सोन्याचे बारीक कण असतात. सहकारी संस्था आणि त्यांच्या आडून काम करणारे भांडवलदार यंत्रांनी नदीपात्र उपसतात, वाळूत पारा मिसळतात, आणि सोने-पाऱ्याचा गोळा तापवून पारा हवेत उडवतात. नदीत उतरलेला पारा सूक्ष्मजीवांमुळे विषारी संयुगात बदलतो, माशांत साठतो आणि मासे खाणाऱ्यांच्या शरीरात जातो. नदीकाठच्या एस्से एहा लोकांच्या केसांत पाऱ्याचे प्रमाण धोकादायक आढळले आहे. त्यांनी सोने काढलेले नाही, मासे खाल्ले आहेत.

या व्यवहारात भारत त्रयस्थ नाही. अलीकडच्या वर्षांत बोलिव्हियाच्या सोन्याच्या मोठ्या खरेदीदारांत भारताचा समावेश राहिला आहे.

खाणींचा जुना वारसा पोतोसीत दिसतो. १५४५ पासून सेरो रिको डोंगरातून चांदी उपसली जात आहे आणि तेथील गिरण्यांचा गाळ पिल्कोमायो नदीत उतरत आला आहे. १९९६ मध्ये पोर्को येथील गाळ अडवणारा बांध फुटला आणि शिसे, आर्सेनिकयुक्त चिखल नदीतून खालपर्यंत गेला, जेथे वेएनहायेक लोक साबालो माशांवर उदरनिर्वाह करतात.

बोलिव्हियात पाहण्यासारखी संरक्षित क्षेत्रे कोणती?

मादिदी राष्ट्रीय उद्यान (१९९५) हे पहिले नाव. सुमारे १९,००० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात दोनशे मीटरच्या आसपासच्या जंगलापासून हिमाच्छादित शिखरांपर्यंतचे सर्व थर एकाखाली एक सापडतात आणि पक्ष्यांच्याच हजारांहून अधिक जाती आहेत. चाकोमधील का-इया उद्यान त्याहून मोठे, सुमारे ३४,००० चौरस किलोमीटर असून त्याच्या स्थापनेत आणि व्यवस्थापनात ग्वारानी समाजाचा पुढाकार होता. जग्वारसाठी ते महत्त्वाचे आश्रयस्थान आहे. नैऋत्येला एदुआर्दो आबारोआ राखीव क्षेत्रातील लाल रंगाच्या लागुना कोलोरादा सरोवरावर रोहित पक्ष्यांच्या तीन जाती एकत्र दिसतात. साहामाच्या उतारावर ५,००० मीटरच्या वरही केन्युआची खुरटी झाडे वाढतात. याहून उंचीवर वृक्ष जगात क्वचितच असतील.

पृथ्वीमातेच्या हक्कांचा कायदा याच देशात झाला ना? मग ही स्थिती कशी?

होय. डिसेंबर २०१० मध्ये पृथ्वीमातेच्या हक्कांचा आणि २०१२ मध्ये त्याची चौकट ठरवणारा कायदा झाला. परंतु २०११ मध्येच इसिबोरो सेकुरे उद्यानातून महामार्ग नेण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्ध तेथील आदिवासींना ला पाझपर्यंत पायी मोर्चा काढावा लागला. त्या मोर्चामुळे उद्यानाला मिळालेले कायदेशीर संरक्षण २०१७ मध्ये मागे घेण्यात आले. देशाचे परकीय चलन नैसर्गिक वायू, धातू आणि सोयाबीन यांतून येते. कायद्याच्या प्रस्तावनेहून तिजोरीची गरज वरचढ ठरते, हे बोलिव्हियापुरते खरे नाही.

बोलिव्हियाचा आपल्याशी दैनंदिन संबंध काही आहे का?

उपवासाच्या ताटात आहे. भुईमुगाचे मूळ दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनाच्या पायथ्याच्या प्रदेशात मानले जाते; तेथे दोन रानटी जातींच्या संकरातून तो निर्माण झाला. बटाटा टिटिकाका परिसरातील अँडीजमध्ये माणसाळला. मिरचीच्या प्रजातीच्या उगमासाठीही वनस्पतिशास्त्रज्ञ बोलिव्हियाच्या आसपासच्या प्रदेशाकडे बोट दाखवतात. ज्या कसाव्यापासून आपला साबुदाणा होतो तो अ‍ॅमेझॉनच्या नैऋत्य कडेचा, म्हणजे याच शेजारचा. साबुदाण्याच्या खिचडीतून तूप, जिरे आणि मीठ वजा केले, तर उरते ते जवळजवळ सगळे तिकडचे. या पिकांचे रानटी नातलग आजही तेथील दऱ्यांत आणि शुष्क रानांत वाढतात, आणि रोगप्रतिकारक वाण तयार करताना संशोधकांना त्यांच्याकडेच जावे लागते.

जायचे असल्यास कोणता काळ योग्य?

मे ते ऑक्टोबर कोरडा असल्याने रस्ते सुरू राहतात, पण ऑगस्टनंतर पूर्वेकडे धूर असतो. उयुनीचा आरसा पाहायचा असेल तर फेब्रुवारीच्या आसपास जावे लागते, आणि त्या वेळी क्षारपटाचा काही भाग वाहनांसाठी बंद असू शकतो. शक्य असेल तर आधी सांता क्रूझ, मग कोचाबांबा किंवा सुक्रे आणि शेवटी ला पाझ अशी चढत्या क्रमाने वाट धरावी. थेट एल आल्तोच्या विमानतळावर उतरल्यास पहिले दोन दिवस जिने हळू चढावेत.